नाणें टाकून खेळावयाचे खेळ

आमच्या झाडीपट्टींत दिवाळी सरली म्हणजे गांवोगांवच्या मंडईचे दिवस येतात. आज या गांवची मंडई, तर उद्यां शेजारच्या गांवची. रात्रीं दंडार अथवा नाटक, आणि दिवसां पाळणे, मिठाईचीं व खेळण्यांचीं दुकानें. या दुकानांच्या ओळींत एकदोन दुकानें अशीं असतात कीं, तेथें कोणतीहि वस्तु विकत मिळत नाहीं; तेथें केवळ एक संधि विकत मिळते. थोडे पैसे द्यावे, हातांत कड्या घ्याव्या, आणि समोर मांडलेल्या साबणाच्या वडीवर अथवा आरशावर त्या फेकाव्या. पलीकडे फळीवर फुगे लाविलेले असतात आणि हवेची बंदूक ठेविलेली असते. सडक अर्जुनीच्या परिसरांतील ज्या बालकास हें दुकान ठाऊक नाहीं असें बालक विरळा.

अध्यापनाच्या व्यवसायामुळें म्हणा अथवा स्वभावामुळें म्हणा, अशा ठिकाणीं आमची दृष्टि खेळाकडे थोडी आणि खेळणाऱ्याच्या मुखाकडे अधिक जाते. फुग्यांच्या दुकानीं ज्याचा नेम चुकला तो मुलगा पाय सारून पुन्हां उभा राहतो, एक डोळा मिटतो, आणि बंदुकीची नळी मघांशीं किती वर गेली होती याचा विचार करतो. उलटपक्षीं जेथें एक चक्र फिरवून कांटा कोणत्या आंकड्यावर थांबतो एवढेंच पाहावयाचें असतें, तेथें हरलेला मुलगा कशाचाहि विचार करीत नाहीं. त्याचा हात सरळ खिशाकडे जातो. पहिल्यास आपल्या चुकीचें कारण सांपडण्यासारखें असतें. दुसऱ्यास सांपडण्यासारखें कारणच नसतें. या दोन मुद्रांतील अंतर लहान दिसतें खरें, परंतु एका मोठ्या धंद्याचा सर्व इतिहास त्या अंतरांत सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें. तो धंदा म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांचा. आणि त्यांतील एक अग्रगण्य कंपनी म्हणजे जपानची सेगा. तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें थोडक्यांत सांगतों.

सेगा हें नांव आमच्या विद्यार्थ्यांस सॉनिक नामक निळ्या, काटेरी, वाऱ्याच्या वेगानें धांवणाऱ्या प्राण्यामुळें माहीत आहे. तो प्राणी १९९१ सालीं जन्मास आला. कंपनीचें मूळ मात्र त्याहून पन्नास वर्षें जुनें आहे, आणि तें जपानांत नसून हवाई बेटांवरील होनोलुलु शहरांत आहे. तेथें १९४० सालीं मार्टिन ब्रोमली व त्याचे सहकारी यांनीं लष्करी तळांवरील सैनिकांकरितां नाण्यांवर चालणारीं यंत्रें पुरविण्याचा धंदा काढिला. महायुद्ध संपल्यावर या मंडळींनीं ‘सर्व्हिस गेम्स’ या नांवानें नवी पेढी उघडली. या नांवांतील दोन शब्दांचीं आद्याक्षरें जुळवूनच पुढें ‘सेगा’ हा शब्द सिद्ध झाला. तो प्रथम १९५४ सालीं एका यंत्रावर झळकला. आणि तें यंत्र जुगाराचें होतें. नाणें टाकावें, दांडा ओढावा, तीन चाकें फिरावीं, आणि त्यांवरील चित्रें जुळलीं तर नाण्यांची खैरात व्हावी, असा त्याचा प्रकार. दांडा बलभीमानें ओढला काय अथवा तान्ह्या बालकानें ओढला काय, फळ एकच. मंडईंतील चक्राची ही थोरली बहीण होय.

१९५१ च्या आरंभीं अमेरिकेच्या अधिपत्याखालील प्रदेशांत अशीं यंत्रें कायद्यानें निषिद्ध झालीं. एक दार बंद झालें म्हणून व्यापारी दुसरें शोधतो. ब्रोमलीनें आपले दोन साहाय्यक, रिचर्ड स्ट्यूअर्ट व रेमंड लेमेअर, यांस जपानांत धाडिलें; कारण तेथें अमेरिकन सैन्याचे मोठमोठे तळ होते. येणेंप्रमाणें दैवाचीं हीं यंत्रें जपानच्या किनाऱ्यास लागलीं.

त्याच सुमारास डेव्हिड रोझेन नांवाचा दुसरा एक अमेरिकन तरुण विमानदलाच्या नोकरीनिमित्त जपानांत आला होता. त्यानें १९५४ सालीं तेथें स्वतःची कंपनी स्थापिली. युद्धानें पोळलेल्या त्या देशांत धान्य रेशनवर मिळत असे. तांदळाच्या रेशनपत्रिकेस, शाळेच्या अर्जास, नोकरीच्या कागदास, जिकडे तिकडे माणसाचें छायाचित्र लागे. छायाचित्रकाराकडे खेटे घालणें सर्वांस परवडणारें नव्हतें. रोझेननें नाणें टाकतांच दोन मिनिटांत छायाचित्र काढून देणाऱ्या खोल्या उभ्या केल्या, आणि लोकांच्या रांगा लागल्या. धानाच्या मुलखांत राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष मनोरंजक वाटते. पुढें १९५७ पासून तो अमेरिकेंतून करमणुकीचीं यंत्रें आणून जपानांत मांडूं लागला. तिकडे सर्व्हिस गेम्सची जपानी शाखा १९६० सालीं विसर्जित होऊन तिच्या जागीं ‘निहोन गोराकु बुस्सान’, म्हणजे जपानी करमणूक-वस्तु, व दुसरी एक कारखानदार कंपनी अशा दोन संस्था निघाल्या. १९६४ सालीं त्या एक झाल्या. आणि १९६५ सालीं रोझेनची कंपनी त्यांत मिळून सेगा एन्टरप्रायझेस अस्तित्वांत आली. तिचें धुरीणत्व रोझेनकडे आलें.

नव्या कंपनीनें १९६६ सालीं ‘पेरिस्कोप’ नांवाचें एक यंत्र तयार केलें. त्यांत पाणबुडींतून बाहेर पाहावयाची दुर्बीण होती; दुर्बिणींतून समुद्र दिसे, आणि क्षितिजावर पुठ्ठ्याचीं जहाजें सांखळीवरून सरकत जात. कळ दाबली कीं पाण्याखालून दिव्यांची एक रांग क्रमानें पेटत पुढें धांवे, तो पाणसुरुंग. जहाज जेथें आहे तेथें नेम धरला तर सुरुंग पोहोंचेपर्यंत जहाज पुढें जाई. म्हणून जेथें तें असेल तेथें नेम धरावा लागे. अमेरिकेंत तोंवर अशा यंत्रांचा दर सामान्यतः दहा सेंट असे. पेरिस्कोपसाठीं पंचवीस सेंट ठेविले, तरी लोक खुशीनें देत, आणि पुढें तोच दर रूढ झाला. जुगाराच्या यंत्रापासून निघालेली कंपनी जगप्रसिद्ध झाली ती ज्या खेळांत एकहि पैसा परत मिळत नव्हता त्या खेळानें, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. लोक पैसे देत होते तें मागल्या वेळेहून थोडें अधिक चांगलें खेळतां यावें एवढ्यासाठीं.

सेगानें १९७० च्या दशकांत स्वतःचीं पिनबॉल यंत्रेंहि केलीं. पिनबॉल हा खेळ आमच्या जुन्या पिढीस अगदींच अपरिचित नाहीं. उतरत्या फळीवर ठोकलेले खिळे, त्यांमधून घरंगळणारी गोळी, आणि खालीं आंकडे लिहिलेलीं घरें. बॅगाटेल या नांवानें ही पाटी पुष्कळ घरीं मुलांचें मन रमवीत असे. मूळ खेळ युरोपांतील. अमेरिकेंत माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें १८७१ सालीं त्यास स्प्रिंगचा दट्ट्या जोडून पेटंट घेतलें. जपानांत याच कुळांतली पाटी भिंतीला उभी लाविली गेली आणि तिचा पाचिन्को झाला. अमेरिकेंत ती पायांवर उभी राहिली, कांचेखालीं गेली, आणि १९३० च्या दशकांत दुकानोदुकानीं पसरली.

परंतु त्या वेळच्या पिनबॉलांत एकदां गोळी सुटली कीं खेळणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. म्हणून न्यू यॉर्क शहरानें १९४२ सालीं तें जुगाराचें यंत्र ठरवून बंद केलें, आणि महापौर ला गार्डिया यांनीं जप्त केलेलीं यंत्रें घणाचे घाव घालून फोडलीं. पुढें १९४७ सालीं गॉटलीब कंपनीच्या हॅरी मॅब्स यानें यंत्राच्या बाजूंस बोटांएवढ्या लहान फळ्या बसविल्या. कळ दाबली कीं फळी उडे व खालीं येणारी गोळी पुन्हां वर जाई. त्या इवल्याशा फळीनें खेळाची जात बदलली. न्यू यॉर्कची बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प या तरुणानें नगरसभेच्या मंडळीसमोर यंत्र मांडून, गोळी कोणत्या वाटेनें जाईल हें आधीं सांगितलें आणि नंतर तशी नेऊन दाखविली. तेव्हां कोठें हा हस्तकौशल्याचा खेळ आहे हें शहरास पटलें.

आमच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं हें ऐकून स्वतःच एक पाटी केली. सागाची फळी, चुका, सायकलच्या चाकांतील छर्रे, आणि दट्ट्यास जुन्या पेनांतील स्प्रिंग. प्रत्येकाचे गुण ते एका वहींत लिहीत. आरंभीं त्या वहींत आज एकाचें नांव वर, तर उद्यां दुसऱ्याचें. त्यांत कांहीं क्रम दिसेना. मग त्यांनीं लांकडाच्या दोन पट्ट्या रबरानें बांधून खालच्या बाजूस बसविल्या. थोड्याच दिवसांत तींच दोनतीन नांवें पानोपानीं वर येऊं लागलीं, आणि ज्यांचीं नांवें खालीं राहत तीं मुलें वरच्यांजवळ जाऊन “तूं पट्टी केव्हां उचलतोस?” असें विचारूं लागलीं. जेथें असा प्रश्न विचारतां येतो तेथें शिक्षण आहे. चक्र फिरविणाऱ्यास कोणी असा प्रश्न विचारीत नाहीं.

आतां नाण्याविषयीं. नाणें टाकून खेळावयाच्या यंत्राचा मालक धर्मात्मा नव्हता. त्याची इच्छा एवढीच कीं, खेळणाऱ्याचा डाव लवकर संपावा व त्यानें दुसरें नाणें टाकावें, अथवा मागच्यास जागा द्यावी. जपानच्याच ताइतो कंपनीचा तोमोहिरो निशिकादो यानें १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नांवाचा खेळ केला. त्यांत आकाशांतून उतरणारे शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगानें चालतात. गंमत अशी कीं, पडद्यावर चित्रें कमी झालीं म्हणजे यंत्राचें काम हलकें होई व तें आपोआप जलद चाले; निशिकादोनें तो वेग तसाच राहूं दिला. खेळणारा कितीहि निष्णात असो, कठीणपणा वाढत जाऊन सामान्यतः डाव कांहीं मिनिटांत संपे. हें मालकाच्या लोभानें झालें, तरी त्यांत एक मर्यादा आपोआप उत्पन्न झाली. डाव संपे, हात मोकळा होई, आणि खिसा चांचपतांना मुलगा क्षणभर जागा होई. नाणें हें त्या खेळाचें कुंपण होतें.

हें कुंपण हळूहळू मोडलें. १५ जुलै १९८३ या एकाच दिवशीं जपानांत सेगाचें व निन्टेन्डोचें, अशीं घरीं दूरचित्रवाणीस जोडावयाचीं दोन यंत्रें विक्रीस आलीं. त्याच काळांत अमेरिकेंत या धंद्यास मोठी ओहोटी लागली होती. १९६९ पासून सेगा ज्या अमेरिकन कंपनीच्या मालकीची होती तिनें अंग काढून घेतलें, आणि १९८४ सालीं रोझेन, नाकायामा व जपानी उद्योगपति इसाओ ओकावा यांनीं ती परत घेतली. घरच्या यंत्रास नाणें लागत नाहीं; एकदां विकत घेतलें कीं कितीहि खेळावें. भारतांत १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीनें सेगाचें यंत्र विक्रीस आणिलें. परंतु त्याची किंमत मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आवांक्याबाहेर होती.

पुढचा इतिहास वेगानें सरकतो. १९९४ सालीं सेगानें डेटा ईस्ट या दुसऱ्या जपानी कंपनीचा शिकागो येथील पिनबॉल कारखाना घेतला, आणि १९९९ सालीं तो गॅरी स्टर्न यास विकला. २००१ च्या जानेवारींत घरगुती यंत्रें करण्याचें तिनें सोडून दिलें. त्या संकटांत ओकावा यांनीं आपलें कर्ज कंपनीस माफ केलें व आपले भागहि परत दिले. थोड्याच आठवड्यांत, त्या वर्षाच्या मार्चमध्यें, ते निवर्तले. २००४ सालीं सेगा ही सॅमी कंपनीशीं जोडली गेली. आणि सॅमीचा मुख्य धंदा पाचिन्कोच्या कुळांतील यंत्रांचा. दैवाच्या यंत्रापासून निघालेली कंपनी कौशल्याच्या वाटेनें जगभर फिरून पुन्हां दैवाच्या यंत्राच्या घरीं आली. शेवटीं २०२० व २०२२ सालीं तिनें जपानांतील आपलीं नाण्यांचीं क्रीडागृहें दुसऱ्या कंपनीस देऊन टाकिलीं.

दैव व कौशल्य यांतील भेद आमच्या कायद्यासहि नवा नाहीं. मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या जुगारबंदीच्या कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५७ सालीं मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जुगाराच्या स्वरूपाच्या बक्षीस-स्पर्धा चालविणें हा घटनेनें रक्षण केलेला व्यापार नव्हे. परंतु जुना कायदा ज्या काळीं झाला त्या काळीं खेळास जागा लागे, वेळ लागे, आणि खिशांतून पैसा काढावा लागे.

मध्यंतरीं एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले होते. धान विकून आलेले पैसे बँकेंत जमा झाले होते, आणि त्यांतील बराच भाग मुलाच्या हातांतील फोनवरून एका खेळांत गेला होता. गृहस्थ रागावलेले नव्हते, थकलेले होते. ते म्हणाले, “गुरुजी, मंडईत पोराच्या खिशातले पैसे सरले का तो घरी येते. या फोनातून तो घरी येतच नाही.” या एका वाक्यांत त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस दहा पुस्तकांतून सांगतां आलें नसतें. मुलगा हुशार आहे, खेळांतहि हुशार असेल. परंतु जो डाव संपतच नाहीं आणि ज्याची पिशवी बापाच्या खात्याएवढी खोल आहे, तेथें हुशारी अपुरी पडते.

ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें जो ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा मंजूर केला, त्यांत पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते दैवाचे असोत वा कौशल्याचे, निषिद्ध ठरविले आहेत. आणि ई-क्रीडा व केवळ मनोरंजनाचे खेळ यांस उत्तेजन देण्याची तरतूद केली आहे. कायद्यानें जुना भेद बाजूस सारून पैशावरच बोट ठेविलें, हें आम्हांस या शेतकऱ्याच्या वाक्याशीं जुळणारें दिसतें. तथापि कायदा दाराशीं उभा राहतो; आंत काय चालतें तें घरच्यांनींच पाहावें लागतें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या हातांतील खेळ सरसकट हिसकावूं नये. त्याच्याजवळ बसून त्यास दोन प्रश्न विचारावे. काल हरलास तो आज कशामुळें जिंकलास, हें तुला सांगतां येईल काय? आणि हा डाव केव्हां संपतो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां येतें त्याच्या खेळांत हाताचें व बुद्धीचें काम आहे. तें त्याच्याकडून ऐकून घ्यावें, मुलास तेवढेंच हवें असतें. दुसऱ्या प्रश्नास जेथें उत्तर नाहीं तेथें उत्तर आपण नेमून द्यावें. यंत्राचा मालक पूर्वी स्वतःच्या लोभानें जें कुंपण घालीत असे तें आतां आईबापांनीं प्रेमानें घालावें.

आणि विद्यार्थ्यांस काय सांगावें? त्यांची पाटी आमच्या वर्गाच्या ओसरीवर अजून आहे. खिळे थोडे गंजले आहेत, एक पट्टी दुसऱ्यांदा बदलली आहे, आणि वहीचीं पानें संपत आलीं आहेत. तिच्यावर मुलांनीं स्वतःच खडूनें एक नियम लिहून ठेविला आहे. तो आम्हीं सांगितलेला नाहीं. मागें रांग लागूं लागल्यावर त्यांस तो आपोआप सुचला. नियम असा: प्रत्येकास पांच छर्रे, पांचवा घरांत पडला कीं उठावें, गुण लिहावे, आणि जागा द्यावी.